गोपिकाची आरटीआय

माझ्या बायकोला एका गुरुवारी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं आणि मी तिला जाऊ दिलं नाही. त्यानंतर महिनाभर ती दुखणं अंगावर काढत राहिली. का जाऊ दिलं नाही हे सांगायला गेलो की लोक आधी हसतात. मग हसू थांबतं आणि ते माझ्याकडे बघतात. ते बघणं मला सोसवत नाही, म्हणून एकदाच काय ते पहिल्यापासून सांगून टाकतो.

माझं नाव कवडू. देवळीच्या एका सरकारी कचेरीत मी वरिष्ठ लिपिक आहे. आवक-जावकचं टेबल माझं, आणि माहिती अधिकाराचे अर्ज, ज्याला आता सगळेच आरटीआय म्हणतात, तेही माझ्याकडेच येतात. चोवीस वर्षं हे टेबल सांभाळलं की माणसाचा स्वभाव बिघडतो. माझा तर मुळातच धड नव्हता. कोणी नमस्कार केला की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघतो, कागद आहे का म्हणून. कोणी चहा पाजला तर घरी येईपर्यंत विचार करतो की याने का पाजला. गोपिका म्हणायची, तुम्हाले देवानं डोळे दोन अन् वहीम चार दिले. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता सांगायला लाज वाटते.

आमचं गाव देवळीहून दहा किलोमीटर. घरामागच्या पाऊण एकरात गोपिका मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढते आणि बाजाराच्या दिवशी देवळीला नेऊन विकते. आता नियम असा की कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या ठिकाणीच राहायचं, रोज ये-जा करायची नाही. मी देवळीत राहतो असं मी लेखी दिलेलं होतं. राहत होतो मात्र गावात, माझ्या घरी, माझ्या बायकोच्या हातची भाकर खात. हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण जाणणं वेगळं आणि लेखी असणं वेगळं. आम्ही कारकून लोक फक्त लेखीला भितो.

आणि त्या नोव्हेंबरात आमच्याच गावच्या राकेशने माझ्याच टेबलावर अर्ज आणून दिला. कचेरीतले सर्व कर्मचारी मुख्यालयी राहत असल्याचे पुरावे द्यावेत. मी पोच दिली, शिक्का मारला, सही केली, आणि राकेश गेल्यावर पाणी प्यायलो. माझी पाचावर धारण बसली होती. अर्जात कोणाचं नाव नव्हतं. नाव नसलेला अर्ज मला जास्त वाईट वाटतो, कारण तो आपल्यासाठीच आहे असं प्रत्येकाला वाटतं.

राकेशची बायको मोनाली आमच्या गावची आशाताई. विहाराकडच्या वस्तीत राहते, हातात कायम एक जाडजूड डायरी, गावातल्या कोणत्या बाईला कितवा महिना आहे ते तिला तोंडपाठ. एरवी ती आमच्याकडे वर्षातून दोनदा यायची. त्या पंधरवड्यात ती तीनदा आली. मी ओट्यावर चढलो की दोघींचं बोलणं बंद. मोनाली उठायची, "येतो जी ताई," म्हणायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची.

"काय म्हने ते?" मी विचारलं.

"काही नाई. पोलिओचं सांगत होती."

आमचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सव्वीस वर्षांचा. पोलिओ कोणाला पाजणार होती मोनाली? मी मान डोलावली आणि आत गेलो. माझ्या धंद्यात समोरच्याला बोलू द्यायचं असतं.

मी बघू लागलो. आणि एकदा बघायला लागलं की दिसायला काय तोटा. गोपिका दिवसातून दोनदा आंघोळ करू लागली होती. तिचे काही कपडे समोरच्या दोरीवर न वाळता गोठ्यामागे, दुसऱ्या लुगड्याखाली झाकून वाळत होते. अंगाला पावडर लावायची, जी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. कंबर दुखते म्हणून अंथरूण पडवीत नेलं. बाजाराला माझ्या गाडीवर बसायची ती आता एसटीनेच जाईन म्हणू लागली. आणि कुठूनही उठली की आधी वळून आपण बसलो होतो त्या जागेकडे बघायची, जणू काही सांडलं आहे का.

आता तुम्ही शहाणे असाल तर तुम्हाला एवढ्यावर कळलं असेल. मला नाही कळलं. मी एवढंच समजलो की ही मला टाळते आहे आणि हिच्या पोटात काहीतरी आहे. तेवढं खरंच होतं म्हणा.

मग फोन ऐकला. ती मागच्या दारी पुलगावच्या बहिणीशी बोलत होती आणि मी न्हाणीत होतो.

"हो, आरटीआयच निघाली म्हंते मोनाली," गोपिका म्हणत होती. "नाई ना वो, याईले नाई सांगतलं. याईले समजलं त माहं काही खरं नाई. घर डोक्शावर घेतील."

मी अंगावर साबण तसाच ठेवून उभा राहिलो. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या तोंडात तो शब्द! म्हणजे राकेशने असं केलं होतं. कचेरीत अर्ज टाकला आणि पुरावा गोळा करायला बायकोला माझ्याच चुलीपाशी पाठवलं. आणि माझी बायको फितूर झाली. ती त्यांना काय देणार होती ते मला ठाऊक होतं. कवडू रोज इथेच जेवतो, इथेच झोपतो, एवढं तिने लिहून दिलं की झालं.

तिच्या फोनच्या कव्हरमागे मला कागद सापडला. मोनालीच्या डायरीचं फाडलेलं पान. मी ते तिच्या परत येण्याआधी दोनदा वाचलं आणि अजून डोळ्यांपुढे आहे: गोपिकाताई. आरटीआय. पहिली झाली, उपयोग नाही. गुरुवारी सावंगी. तपासणी, नमुना. अहवाल आठ दिवसांनी. पुढची कार्यवाही अहवाल आल्यावर.

कोणत्याही कचेरीतल्या कोणत्याही लिपिकाला द्या हा कागद. तो हेच वाचेल जे मी वाचलं. पहिली म्हणजे माझ्या टेबलावर आलेली पहिली आरटीआय. तपासणी म्हणजे दप्तर तपासणी. नमुना म्हणजे अर्जाचा नमुना, अहवाल म्हणजे अहवाल. आणि सावंगीला राकेशचा साडू राहतो, तो वकिली करतो. शंकेला जागाच नव्हती. उलट मला मोनालीच्या मुद्देसूद लिहिण्याचं कौतुक वाटलं.

मंगळवारी मोनाली पुन्हा आली. गोपिका वाफ्यात होती. मी ओट्यावरच तिला अडवलं.

"मोनाली, मले सारं समजलं," मी म्हणालो.

मला वाटलं तिचा चेहरा पांढरा पडेल. तो उजळला.

"समजलं का भाऊ? बरं झालं बाप्पा! मी ताईले कवाची म्हनून राह्यली, भाऊले सांगून टाका."

"म्हंजे तू लपवतबी नाई?"

"लपवून काय फायदा जी? लपवल्यानं वाढतेच थे."

"गुरुवारी सावंगीले चालल्या ना तुमी?"

"हो. तुमीच घेऊन गेले त अजूनच चांगलं."

"मी घेऊन जाऊ? माह्या गाडीवर? माह्याच पेट्रोलनं?"

"मंग! अन् तुमचीबी तपासनी कराले पाह्यजे. नाईतर एकीकडचं मिटते अन् दुसरीकडून पुन्हा चालू होते."

"माही तपासनी!" मी ओरडलो. "कोनाच्या हुकमानं?"

"हुकूम कायचा भाऊ. सारे असंच करतात."

"अन् नमुना कायचा घेनार? सहीचा?"

मोनाली हसली. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. "सहीचा कायले? आतला घेतात."

आतला! म्हणजे घरातल्या आतल्या गोष्टी. मग मी बोलू नये ते बोललो. दुसऱ्याच्या घरातलं आतलं बाहेर काढून पोट भरता तुम्ही, असं म्हणालो. नवरा बाहेरून पोखरतो आणि बायको आतून, असं म्हणालो. या घरात पाऊल टाकू नको म्हणालो. ओटा रस्त्यावर आहे, चार माणसं थांबली होती, त्यांनी ऐकलं.

मोनालीचं हसू गेलं. डायरी छातीशी धरून ती म्हणाली, "मले काय बोलाचं थे बोला. मी नाई येत आता. पन ताईले गुरुवारी जाऊ द्या भाऊ. बाईच्या जिवाची गोठ हाये."

"कोनाच्या जिवाची हाये थे मले समजते," मी म्हणालो.

गोपिका मागच्या दारात येऊन उभी होती. हातात मेथीची जुडी, तोंडावर रक्त नाही. मी तिला सांगितलं, "गुरुवारी कुठी जायाचं नाई. सारं समजलं मले. त्या बाईशी बोलाचं नाई, फोनवरबी नाई."

तिने विचारलं असतं काय समजलं, तर कदाचित तिथेच सगळं मिटलं असतं. तिने विचारलं नाही. खाली मान घातली आणि जुडी बांधायला बसली. ती बोलत नाही यावरून मी ओळखलं की ती गुन्हेगार आहे. ती काय समजली ते मला पुढे कळलं. ती समजली की याला आपला आजार कळला, आणि कळल्यावर याचं उत्तर हे आहे.

गुरुवार गेला. मी रजा टाकून घरी पहारा दिला. गोपिका दिवसभर वाफ्यात होती, दोनदा बांधावर टेकून बसली. मला वाटलं रुसली.

पुढचा महिना आमच्या घरात कोणी कोणाशी कामाशिवाय बोललं नाही. ती वाळली. बाजाराला जाणं तिने सोडलं, भाजी शेजारणीबरोबर पाठवायची. एकदा न्हाणीच्या दगडावर मला रक्ताचे दोन थेंब दिसले. मी विचारलं तर म्हणाली, इळ्यानं बोट कापलं. मी तिच्या बोटांकडे बघितलं. एकही कापलेलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? की ही खोटं बोलण्यात किती तरबेज झाली आहे. रक्त कोणाचं, कशाचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या चार वहिमांत तो पाचवा बसत नव्हता.

डिसेंबरच्या शेवटी राकेश अर्जाचं उत्तर न्यायला कचेरीत आला. उत्तर मी स्वतः टाइप केलं होतं, आठ ओळी, ज्यात काहीही नव्हतं. त्याने वाचलं, घडी घातली. मला राहवलं नाही.

"पुरावा नाई भेटला ना?" मी म्हणालो. "घरच्या बाया पाठवून माहिती काढाचा धंदा माह्यापाशी नाई चालत, राकेश."

"कोनती बाई?"

"तुही बायको. आरटीआय, आरटीआय करत माह्या घरी येत होती. सावंगीले तपासनी लावनार होती माही."

 राकेशने आजूबाजूला बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. आवाज उतरवून बोलला.

"कवडूभाऊ, माही बायको कोनाच्या घरी कायले जाते थे मले सांगत नाई, अन् मी पुसत नाई. पन तिच्या कामातली आरटीआय येगळी असते. उपकेंद्राच्या भित्तीवर लिहेल हाये. तुमी त रोज तिथूनच येता. जाताजाता वाचजा."

तो उठून गेला. उत्तराचा कागद टेबलावरच विसरला, की मुद्दाम ठेवला, हे मी अजून ठरवू शकलो नाही.

आरोग्य उपकेंद्र आमच्या गावाच्या तोंडाशी आहे. त्या भिंतीसमोरून मी किती वर्षं जातो आहे. मी गाडी उभी केली आणि पहिल्यांदा वाचलं. निळ्या अक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आरटीआय म्हणजे जननमार्गाचा जंतुसंसर्ग. थोडं पांढरं पाणी प्रत्येक बाईला जातं, पाळीच्या मधल्या दिवसांत जास्त, तो आजार नाही. पण त्याला घाण वास आला, रंग पिवळा किंवा हिरवा झाला, दह्यासारखं जाऊ लागलं, खाज सुटली, लघवीला आग झाली, ओटीपोट दुखलं, तर तपासून घ्या. पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर एक दिवसही थांबू नका. लाजू नका, लपवू नका. शेवटची ओळ: पती-पत्नी दोघांनी उपचार घ्यावा.

दोनदा आंघोळ. पावडर. झाकून वाळवलेले कपडे. उठल्यावर मागे वळून बघणं. न्हाणीतले दोन थेंब. सगळ्या नोंदी माझ्याकडे होत्या, तारखेसकट. मी फक्त विषय चुकीचा लिहिला होता.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला तोंड दाखवू शकलो असतो. पण आरटीआयच्या शेजारीच, तिरकी रेघ मारून, एसटीआय लिहिलेलं होतं. लैंगिक संबंधातून पसरणारे आजार. मी ते वाचलं आणि माझ्यातला तो माणूस, जो नमस्कार करणाऱ्याच्या दुसऱ्या हाताकडे बघतो, तो पुन्हा ताठ बसला. मी तर बाहेर कुठे गेलो नाही. मग?

उपकेंद्रापासून घर तीनशे पावलांवर. तेवढ्यात मी गावातले चार पुरुष मनात उभे केले आणि त्यांची हजेरी घेतली.

गोपिका पडवीत भिंतीला टेकून सांभार निवडत होती. मी चप्पलही काढली नाही.

"कोन हाये?" मी विचारलं.

"कुठी कोन हाये?"

"पांढरं पानी जाते ना तुले? वास मारते? भित्तीवर वाचून आलो मी. असं आपोआप होत नाई. कोन हाये त्याचं नाव सांग."

तिचे हात थांबले. मी वाट बघत होतो ती रडेल, नाही तर शपथा घेईल. तिने एक काडी निवडून बाजूला टाकली.

"याच्यासाठीच नाई सांगतलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तीन वर्साआंधी शेजारची वहिनी अशीच बिमार होती. तवा तुमी याच ओट्यावर बसून म्हनलं होतं, असं घरात बसल्या बाईले होत नाई. माह्या ध्यानात हाये. अकरा महिने झाले मले. आंधी खाज होती, मंग वास, मंग पोटात दुखे. मोनालीनं हिरव्या पाकिटातल्या गोळ्यायची पहिली खेप देली, दोन महिने बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं. आता रगत जाते. उपकेंद्रातली सिस्टर तपासून म्हने पिशवीच्या तोंडाले काहीतरी दिसते, सावंगीले जा, तुकडा काढून पाह्यतील. तुमी म्हनलं जायाचं नाई. मले वाटलं, सारं समजूनच म्हनलं."

"मले वाटलं, आरटीआय म्हंजे थे..." मी म्हणालो. "राकेशची. माह्या नोकरीची."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने सांभाराची पाटी माझ्या डोक्यावर उपडी केली असती तर बरं झालं असतं.

"सिस्टरनं मलेबी पुसलं होतं," ती म्हणाली. "नवरा कुठी बाहीर जाते का? मी म्हनलं, नाई जात. मी नाई घेतला तुमच्यावर वहीम. अन् घेतला असता तरी दवाखान्यात जाऊ देलं असतं मी तुम्हाले."

 मी तिथेच खाली बसलो. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. अकरा महिने. त्यात शेवटचा माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोनालीच्या घरी गेलो. हात जोडले. तिने मला पूर्ण बोलू दिलं नाही, आत जाऊन चप्पल घातली, डायरी घेतली आणि म्हणाली, "माफी मंग मांगजा. एसटी साडेआठची हाये."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती, आमच्या मुलाच्याच वयाची. तिने गोपिकाला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. मी बाकावर बसून विचार करत होतो की आत काय सांगत असेल, माझं नाव कितीदा घेतलं असेल. सवय अशी जात नाही. मग मला बोलावलं.

डॉक्टरीणबाई म्हणाली की दोन गोष्टी आहेत. एक जंतुसंसर्ग, तो गोळ्यांनी जाईल, पण गोळ्या दोघांना. "काका, तुम्हाला काही त्रास आहे?"

"मले कायचा त्रास?" मी ताठ झालो.

"पुरुषांना बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. तरी जंतू असू शकतात. म्हणून त्यांचं बरं होऊन पुन्हा होत होतं."

"म्हंजे आले कुठून थे?"

माझ्यासारखे रोज भेटत असावेत तिला. चिडली नाही. "काही जंतू शरीरातच असतात, साखर वाढली, दुसऱ्या गोळ्या घेतल्या की वाढतात. काही एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि कधीचे होते, कोणाकडून आले, हे कोणतीच तपासणी सांगू शकत नाही. ते शोधत बसू नका. गोळ्या घ्या."

मी गोपिकाकडे बघितलं. ती म्हणाली, "घ्या. मी काही पुसत नाई."

तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी शपथ घेतली असती, भांडलो असतो. तिने मला तेवढीही जागा दिली नाही.

दुसरी गोष्ट गर्भपिशवीच्या तोंडाची. तुकडा घेतला, अहवाल आठ दिवसांनी. ते आठ दिवस मी कचेरीत जाऊन काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी कोणावरही संशय घेतला नाही, कारण सगळी भीती एकाच ठिकाणी लागलेली होती.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, त्याच्या आधीची पायरी. तेवढा भाग काढायचा, त्याच दिवशी घरी, मग दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं.

"महिनाभर उशीर झाला," मी म्हणालो. "माह्यामुळं. त्यानं काही...?"

डॉक्टरीणबाईने अहवालावरून मान वर केली. "एका महिन्यानं बहुधा काही बिघडलं नाही. हे बदल सावकाश होतात. पण काका, बाया एका महिन्यावर थांबत नाहीत. एकदा नाही म्हटलं की त्या वर्षानुवर्षं येत नाहीत. मग येतात, तेव्हा आम्हाला बोलण्यासारखं काही उरत नाही."

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. गोपिकाला दवाखान्याचा हिरवा गाऊन दिला होता, त्यात ती लहान दिसत होती. सिस्टर फळीला अडकवलेला कागद घेऊन आली. संमतीपत्र. मी सवयीने खिशातला पेन काढला आणि कागदासाठी हात पुढे केला. सही म्हटलं की माझा हात आपोआप पुढे होतो.

"तुमची नाही काका," सिस्टर म्हणाली. "यांची."

"मी नवरा हाये त्यायचा."

"हो, पण सही यांचीच. यांचीच लागते फक्त."

गोपिकाने कागद घेतला, पण लगेच सही केली नाही.

"म्हंजे," तिने सिस्टरला विचारलं, "त्या गुरुवारी मी एकटीच आली असती, तरी झालं असतं?"

"तपासणीला? झालं असतं ना काकू. कोणाला विचारायचं असतं त्यात?"

गोपिकाने माझ्या हातातला पेन घेतला. ती भाजीच्या पाट्या उचलणाऱ्या हाताने हळूहळू, एकेक अक्षर सुटं, आपलं नाव लिहू लागली. तेवढ्या वेळात तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मात्र तिच्याकडेच बघत होतो. आतापर्यंत तिचा प्रत्येक कागद माझ्याच सहीने चालतो, असंच मी समजत होतो.

सही झाल्यावर तिने पेनला टोपण लावलं आणि तो माझ्या खिशात अडकवून दिला.

"पुढच्या टाइमले तुमी नोका येऊ," ती म्हणाली. "तुमची रजा वाया जाते."

आणि सिस्टरच्या मागोमाग ती आत गेली.